माल भरलेल्या व्हॅनसाठी 5 टनी बॉटल जॅक : घ्यावा का, आणि सोबत काय घ्यावं

माल भरलेल्या व्हॅनचं चाक रस्त्यात बदलायचं असेल तर गाडीबरोबर मिळालेल्या सिझर जॅकवर भिस्त ठेवू नका. 5 टनी हायड्रॉलिक बॉटल जॅक घ्या, तोही बंद उंची (पूर्ण खाली असतानाची उंची) मोजून. त्याच्याबरोबर तळाला घालायची जाड लाकडी पाटी, चाकांना लावायचे दोन मोठे ठोकळे, लांब दांड्याचा पाना आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळणारा पाना) घ्या. एवढा संच जमला की 3.5 टन एकूण वजनाच्या व्हॅनचं चाक नीट, घाईगडबड न करता बदलता येतं. नुसता जॅक घेतला आणि बाकीचं सोडलं, तर उत्तम जॅकही अंगावर येऊ शकतो. म्हणून या परीक्षणात जॅकइतकीच जागा त्याच्या खालच्या पाटीला आणि दुसऱ्या चाकांच्या ठोकळ्यांना दिली आहे.

आधी वजनाचा हिशोब. अशा व्हॅनच्या मागच्या अॅक्सलवर पूर्ण मालासकट 2,400 किलोपर्यंत भार येऊ शकतो, म्हणजे एका चाकावर 1,200 किलो. पण जॅक काही चाकाच्या जागी बसत नाही, तो आतल्या बाजूला बसतो. दोन्ही चाकांच्या मध्यांत 170 सेंटीमीटर अंतर आहे आणि जॅक पंक्चर चाकापासून 30 सेंटीमीटर आत लावलाय असं धरा. पलीकडचं चाक टेकू होतं, अॅक्सल तरफेसारखा उचलला जातो आणि जॅकवर 2,400 × 85 ÷ 140, म्हणजे साधारण 1,450 किलो येतात. जॅक जितका आत सरकवाल तितका हा आकडा वाढत जातो. माल पंक्चर झालेल्या बाजूला जास्त रचलेला असेल तर आणखी दीडदोनशे किलो धरून चाला. 2 टनी जॅक कागदावर एवढं उचलतो, पण हाताशी काही शिल्लक उरत नाही आणि त्याचा तळही बारीक असतो. 5 टनी जॅकचं सील आणि पिस्टन या वजनाला निवांत काम करतात, दांडाही हलका चालतो.

मग 10 टनी का नको? इथेच बहुतेकांची खरेदी चुकते. दुकानात सगळे टन विचारतात, बंद उंची कुणी विचारत नाही.

215/75 आर16 मापाचा टायर घ्या. त्याचा पूर्ण व्यास सुमारे 73 सेंटीमीटर. हवा असताना, भाराखाली, चाकाचं केंद्र जमिनीपासून साधारण 33 ते 34 सेंटीमीटरवर असतं. हवा पूर्ण गेली की रिम जवळजवळ रस्त्यावर येते, मध्ये फक्त दुमडलेलं रबर उरतं, आणि केंद्र 24 ते 25 सेंटीमीटरवर उतरतं. म्हणजे अॅक्सल 9 सेंटीमीटर खाली आला. अॅक्सलच्या नळीची अर्धी जाडी वजा केली की खाली उरतात जेमतेम 19 ते 20 सेंटीमीटर. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) यू-बोल्टची टोकं खाली लोंबत असतील तर त्याहून कमी. 5 टनी बॉटल जॅकची बंद उंची बहुधा 20 सेंटीमीटरच्या आसपास असते, 10 टनीची 22-23 किंवा जास्त. म्हणजे गॅरेजमध्ये फुगलेल्या टायरवर आरामात सरकणारा जॅक, खरी गरज पडते तेव्हा अॅक्सलखाली जातच नाही. मोठा जॅक घेतला म्हणून सुरक्षित झालो ही समजूत इथे सपशेल फसते.

विकत घेण्याआधी एकदाच हे करा : गाडी नेहमीइतका माल भरून सपाट जागी उभी करा, मागच्या एका चाकाची हवा सोडा आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या जॅकच्या जागेखाली किती जागा उरते ते बाहेरूनच पट्टी सरकवून मोजा. तेच पुढच्या चाकालाही करा. जो आकडा लहान येईल त्यापेक्षा किमान 1 सेंटीमीटर बुटका जॅक हवा. एकात एक दोन पिस्टन असलेले जॅक मिळतात. ते बुटके असून जास्त उठतात आणि अशा व्हॅनसाठी तेच सगळ्यांत सोयीचे. पण दुसरा पिस्टन बारीक असतो, त्यामुळे पूर्ण वर काढल्यावर तो जरा जास्त हलतो हे लक्षात असू द्या.

जागा अगदीच कमी पडली तर उपाय आहे. 5 सेंटीमीटर जाड, 25 रुंद, 60-70 लांब अशी कठीण लाकडाची फळी, एका टोकाला उतार तासलेली, गाडीत ठेवा. सगळे नट ढिले करण्याआधी, पंक्चर चाक हळूच त्या फळीवर चढवा. चाकापाशी 5 सेंटीमीटर मिळाले म्हणजे जॅकच्या जागी साधारण 4 मिळतात, आणि अडलेला जॅक आत जातो. चाक हवेत उचललं की फळी बाहेरून ओढून घ्या, हात गाडीखाली न घालता. ज्यांच्या गाडीचा अॅक्सल खाली आहे त्यांनी ही फळी जॅकइतकीच गरजेची समजावी.

आता किती उचलावं लागतं ते पाहू. फुगलेलं चाक हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) चढवायचं तर त्याचं केंद्र 36.5 सेंटीमीटरवर यायला हवं, वर एखादा सेंटीमीटर मोकळा. 24.5 पासून धरलं तर चाकापाशी 13 सेंटीमीटर उचल, जॅकच्या जागी सुमारे 11. 5 टनी जॅक तेलावर साधारण 12 सेंटीमीटर उठतो. म्हणजे पुरतो, पण काठोकाठ. अॅक्सल आणि जॅकचं डोकं यांच्यात 2 सेंटीमीटर मोकळी जागा ठेवून पंप मारायला सुरुवात केली की ती उचल वाया जाते आणि नवं चाक हबपाशी येऊन अडतं. अशा वेळी जॅकखाली विटा सरकवण्याचा मोह होतो. जॅकच्या डोक्यात जो स्क्रू असतो तो याचसाठी आहे : पंप मारण्याआधी तो हाताने फिरवत अॅक्सलला टेकवा. भार आल्यावर तो फिरत नाही आणि फिरवूही नये. स्क्रू नसलेला जॅक स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

हा सगळा हिशोब जॅक अॅक्सलखाली किंवा पाट्याच्या बैठकीपाशी लावला तर. बॉडीच्या किंवा चासीच्या जागेवर जॅक लावायला सांगितलेल्या गाड्यांत गोष्ट वेगळी होते. भरलेल्या गाडीचे पाटे किंवा स्प्रिंग दबलेले असतात. बॉडी उचलली की आधी ते सुटे होतात, चाक जागेवरच राहतं, आणि पाटे मोकळे झाल्यावरच चाक रस्ता सोडतं. म्हणून रिकाम्या गाडीपेक्षा भरलेल्या गाडीत बॉडी जास्त उचलावी लागते आणि गाडी जास्त कलते. आत माल सैल असेल तर कलत्या बाजूला सरकतो. पुस्तिकेत दोन्ही जागा दिल्या असतील तर भरलेल्या गाडीला अॅक्सलची जागा निवडा. डिफरन्शियलच्या (अॅक्सलच्या मधल्या गिअरपेटीच्या) गोल पोटाखाली, पातळ पत्र्याखाली किंवा शॉकअबसॉर्बरच्या बैठकीखाली जॅक लावू नका. मागे हवेचे स्प्रिंग असतील तर पुस्तिकेप्रमाणे ती यंत्रणा आधी बंद करा, नाहीतर गाडी उचलताना ती आपणहून उंची बदलायला जाते.

पाटीबद्दल. बॉटल जॅकचा तळ साधारण 10 बाय 11 सेंटीमीटर, म्हणजे 110 चौरस सेंटीमीटर. 1,450 किलो त्यावर आले की दर चौरस सेंटीमीटरला 13 किलो होतात. उन्हात तापलेलं डांबर एवढ्या दाबाला खचतं, मुरुमाची कड तर नक्कीच. खचताना ते सरळ खाली जात नाही, एका बाजूने जातं आणि जॅक तिरका होतो. 30 बाय 30 सेंटीमीटरची पाटी घातली की दाब 1.6 किलोवर येतो. पाटी 25 ते 40 मिलिमीटर जाड कठीण लाकडाची, किंवा 18 मिलिमीटर प्लायचे दोन थर आडव्या रेषांत चिकटवून केलेली असावी. उंची कमी असताना हीच जाडी आडवी येते, म्हणून जागा मोजताना पाटीसकट मोजा. तितकी उंची नसेल तर 8 मिलिमीटर जाड लोखंडी पत्रा हा पर्याय आहे. तो वजनदार आहे आणि ओल्या दगडावर घसरतो, म्हणून तळाला रबर चिकटवून घ्या. वीट, पोकळ काँक्रीटचा ब्लॉक, फरशीचा तुकडा यांपैकी काहीही चालणार नाही. ते वाकत नाहीत, सूचना देत नाहीत, एकदम फुटतात.

चाकाच्या ठोकळ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण हँडब्रेक ओढला की काम झालं असं भरपूर अनुभवी लोकही धरून चालतात. बहुतेक व्हॅनमध्ये हँडब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतो. मागचं एक चाक उचललं की त्यातलं एकच रस्त्यावर उरतं. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर गिअरमध्ये ठेवूनही फारसा फायदा नाही, कारण डिफरन्शियल हवेतल्या चाकाला मोकळं फिरू देतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचं चाक उचललं की गिअरची पकड तशीच जाते. तरीही हँडब्रेक ओढाच, गाडी पहिल्या किंवा रिव्हर्स गिअरमध्ये ठेवाच (ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये), पण गाडीला खरं धरून ठेवतात ते ठोकळे. मागचं चाक बदलताना पुढच्या चाकांना, पुढचं बदलताना मागच्या चाकांना लावा. दोनच ठोकळे असतील तर पंक्चर चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून, असे दोन्ही घट्ट बसवा.

ठोकळ्याची उंची चाकाच्या व्यासाच्या पाव भाग असावी, म्हणजे आपल्या 73 सेंटीमीटरच्या चाकाला 18 सेंटीमीटर. मोटारींसाठी मिळणारे 7-8 सेंटीमीटरचे प्लास्टिकचे त्रिकोण 3.5 टनांची गाडी चढून पार करते किंवा पुढे ढकलत नेते. खाली रबर असलेले ठोकळे घ्या. गाडी 5-6 सेंटीमीटर सरकली की 11 सेंटीमीटर तळाचा जॅक उलटलाच समजा. वर उठलेला आणि थोडा तिरका असेल तर त्याहून कमी सरकणंही पुरतं. संचातल्या कुठल्या वस्तूवर थोडा जास्त खर्च करावा असं विचाराल तर तो ठोकळ्यांवर करावा.

आता वापराकडे येऊ. उतारावर, वळणावर, मऊ कडेवर जॅक लावू नका. पंक्चर चाकावर चालण्याच्या वेगाने दोनतीनशे मीटर पुढे जाऊन सपाट, कठीण जागा मिळत असेल तर जा. टायर फाटेल, कदाचित रिमही जाईल, जाऊ द्या. धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा, चमकणारं जॅकेट घाला, मागे त्रिकोण ठेवा. पंक्चर चाक वाहतुकीच्या बाजूला असेल, गाड्या वेगाने जात असतील आणि पुढे सरकायला जागा नसेल, तर हे काम तुमचं नाही. मदतीची गाडी बोलवा आणि कठड्यापलीकडे थांबा. ज्वलनशील किंवा रसायनांचा माल असला तरी तेच.

स्टेपनी आधी, जॅक नंतर. व्हॅनमध्ये ती बहुधा मागे पोटाखाली साखळीने किंवा तारेने टांगलेली असते, आणि हवा गेलेल्या, भरलेल्या गाडीची शेपूट खाली बसलेली असते. गाडी जॅकवर उचलून मग स्टेपनीसाठी खाली झोपणं हा या कामातला सगळ्यांत वाईट प्रकार आहे. गाडी चारही चाकांवर असताना स्टेपनी उतरवा, आकड्याने बाहेर ओढा. वर्षातून दोनदा ती खाली-वर करून तार आणि दाते पाहा, ग्रीस लावा, कारण तिथला गंज गरजेच्या दिवशीच कळतो. स्टेपनी आणि जॅकचा संच मालाच्या मागे गाडला जाणार नाही अशा ठिकाणी ठेवा. चालकाच्या सीटमागे किंवा बाजूच्या दाराशी जागा करा. भर रस्त्यात चाळीस खोकी उतरवून पाना शोधण्यात अर्धा तास जातो आणि तोही रस्त्याच्या कडेला.

जड माल सहज उतरवता येत असेल तर गाडी उचलण्याआधी उतरवा, खास करून मागच्या दारापाशी रचलेला. जॅकवर गाडी असताना माल चढवणं, उतरवणं, आत चढून दोरी आवळणं, काहीही करू नका.

चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट पाव ते अर्धा फेरा ढिला करा, जास्त नको. गाडीबरोबर येणारा व्हीलपाना 30-35 सेंटीमीटरचा असतो. घट्ट बसलेल्या नटाला तो पुरत नाही, मग लोक त्यावर उभे राहतात, पाना निसटतो आणि नडगी फुटते. 60 ते 75 सेंटीमीटरचा दांडा आणि सहा कोनांचं, जाड भिंतीचं सॉकेट घ्या. बारा कोनांचं सॉकेट झिजलेल्या नटाचे कोपरे खातं. तुमच्या गाडीच्या नटाचं माप आधीच बघून ठेवा. व्हॅनना 19, 21, 24 मिलिमीटर अशी वेगवेगळी मापं असतात. चोरी रोखणारा खास नट असेल तर त्याची चावी संचातच ठेवा.

मग पाटी, पाटीवर जॅक, स्क्रू टेकवला, तेलाचा व्हॉल्व्ह हाताने घट्ट बंद केला. पहिले दहा-बारा मिलिमीटर हा या कामाचा निर्णायक भाग आहे, तिथे घाई नको. दांडा चारपाच वेळा मारा आणि थांबा. जॅकचं डोकं अॅक्सलवर सपाट बसलंय का, की कडेवर टेकलंय? तिथे ग्रीस किंवा ओला चिखल असेल तर खाली घ्या, पुसा, परत लावा. लोखंडावर लोखंड तेलकट असताना धरत नाही. गोल नळीवर चपटं डोकं घसरतं, म्हणून खाच असलेलं डोकं किंवा जॅकवर बसणारा खाचेचा टोप घ्या. जॅकची उभी रेघ सरळ आहे का, बाजूने आणि मागून दोन्हीकडून पाहा. पाटीचा एखादा कोपरा उचललाय का? ठोकळ्यांना चाक दाबून बसलंय का, की ते सरकले? सगळं ठीक असेल तर पुढे मारा, पुन्हा मध्ये एकदा थांबा. जरा जरी तिरकेपणा दिसला तरी गाडी खाली घेऊन नव्याने लावा. हातोडीने ठोकून जॅक सरळ करायचा प्रयत्न कधीच करू नका. अॅक्सलच्या जागेवर तो चाकाच्या मागे आत असतो, म्हणून लांब, दोन तुकड्यांत जोडणारा दांडा असलेला जॅक घ्या, म्हणजे दांडा मारताना खांदे गाडीबाहेर राहतात.

चाक रस्त्यापासून सुटलं की स्टेपनी आडवी करून बॉडीच्या कडेखाली, जॅकशेजारी सरकवा. जॅक निसटलाच तर गाडी 21 सेंटीमीटर जाडीच्या टायरवर येते, थेट हबवर किंवा हातावर नाही. काढलेलं चाक त्या जागी ढकला, मग स्टेपनी बाहेर घ्या. ब्रेक पाहायचा, पाटा तपासायचा, असलं कुठलंही काम असेल तर घोडी (गाडी पेलून धरणारा लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय आत हात घालू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे.

चाक हबवर गंजून बसलं असेल तर जॅकवरच्या गाडीला लाथा मारू नका. नट दोन-दोन फेरे परत चढवा, ढिलेच ठेवा, गाडी हळूहळू खाली घ्या. भरलेल्या गाडीचं वजन आलं की चाक बहुधा कट्‌ आवाज करून सुटतं. मग पुन्हा उचला.

लोखंडी रिमचं चाक 25 ते 30 किलोचं असतं. उचलून स्टडवर (हबमधून बाहेर आलेल्या, नट बसणाऱ्या आटेदार दांड्यांवर) घालायच्या प्रयत्नात पाठ जाते. गाडी फक्त गरजेइतकीच उचला, चाक उभं करून हबपाशी न्या आणि टायरखाली दांडा घालून तरफेने वर आणा. ज्या गाडीत स्टड नसून बोल्ट असतात तिथे वरच्या भोकात एक गाईड पिन लावा, नाहीतर चाक तोलून भोक जुळवणं एकट्याला जमत नाही. बसण्याआधी हबचा आणि रिमचा टेकणारा भाग तारेच्या ब्रशने घासा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला की तो चालताना चुरडतो आणि नट ढिला पडतो. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. घर्षण कमी होऊन तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो. नटाची शंकूची बाजू रिमकडे. अलॉय रिमची गाडी आणि लोखंडी स्टेपनी असेल तर बोल्ट वेगळे लागतात का ते पुस्तिकेत बघून ठेवा.

नट हाताने, मग हलक्या पान्याने एकाआड एक आवळा, म्हणजे चाक मध्यावर बसतं. गाडी खाली घेताना व्हॉल्व्ह एकदम उघडू नका. दीड टन भाराखाली तेल जोरात धावतं आणि गाडी आदळते. केसाएवढा फिरवा, उतरायला लागली की तिथेच थांबा. बॉटल जॅकची सगळ्यांत मोठी तक्रार हीच आहे, आणि स्वस्त जॅकमध्ये तो व्हॉल्व्ह इतका खडबडीत असतो की हळू उतरवताच येत नाही. खरेदीच्या वेळी दुकानात भाराखाली एकदा उतरवून दाखवायला सांगा.

जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंच. व्हॅनना पुस्तिकेप्रमाणे साधारण 140 ते 240 न्यूटन मीटर लागतात, मोटारीपेक्षा बरेच जास्त. आपल्या गाडीचा नेमका आकडा जॅकच्या डब्यावर रंगाने लिहून ठेवा. रेंच किमान 280 पर्यंत जाणारा हवा. रेंच नसेल तर निदान अंदाज घ्या : अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला 40 किलो जोर म्हणजे सुमारे 196 न्यूटन मीटर. 70 किलोचा माणूस 30 सेंटीमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर 206 होतात, आणि त्याने उडी मारली तर किती हे कुणालाच सांगता येत नाही. ताणलेला स्टड पुढच्या वेळी तुटतो. 50 ते 100 किलोमीटर गेल्यावर परत आवळून पाहा. भरलेल्या गाडीत ढिलं चाक रिमची भोकं फार लवकर लांबट करतं.

स्टेपनीतली हवा हा वेगळा घोळ आहे. भरलेल्या व्हॅनच्या मागच्या टायरना बहुधा 55 ते 80 पीएसआय लागते आणि स्टेपनीत निम्मी निघते. स्टेपनी नेहमी गाडीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यावर भरून ठेवा, गरज पडली तर कमी करता येते. मीटर 100 पीएसआयपर्यंतचा घ्या. 12 व्होल्टचा छोटा कंप्रेसर एवढी हवा भरू शकतो, पण तापतो; किती मिनिटं चालवून किती थांबवायचा हे त्यावर लिहिलेलं असतं. स्टेपनीचा लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) पाहा : 116 म्हणजे 1,250 किलो, 113 म्हणजे 1,150. चाकावर 1,200 किलो येत असताना 113 चा टायर चढवू नका. आणि बाजूवरचे चार आकडे वाचा, 3221 म्हणजे 2021 सालचा 32 वा आठवडा. न वापरताही रबर म्हातारं होतं.

इतर जॅकबद्दल थोडक्यात. सिझर जॅकची एकच जमेची बाजू, तो खूप बुटका असतो. पण नेमका बुटका असतानाच त्याचा स्क्रू सगळ्यांत जास्त ताणला जातो : जॅकचे हात आडव्या रेषेपासून 15 अंशांवर असताना स्क्रूवर भाराच्या 3.7 पट ताण येतो, 45 अंशांवर तो भाराइतकाच राहतो. भरलेल्या गाडीत सुरुवातच 15 अंशांवर होते, म्हणून हँडल वाकतं आणि आटे जातात. बाजूने ढकल आली तर तो कोलमडतोही पटकन. मोटरवर चालणारा सिझर जॅक हात वाचवतो, आत यंत्र तेच. ट्रॉली जॅक गॅरेजमध्ये राजा, पण त्याचं डोकं कमानीत वर जातं, त्यामुळे उचलताना जॅक चाकांवर सरकायलाच हवा. खडीवर तो सरकत नाही आणि डोकं अॅक्सलवरून निसटू बघतं. शिवाय 3 टनी ट्रॉलीचं वजनच 30 किलोच्या पुढे.

मागे दोन-दोन चाकं असलेल्या गाडीत आतला टायर बसला तर बाहेरचा काढल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि बाहेरचा एकटा सगळं वजन पेलतोय म्हणून तशीच गाडी पुढे नेऊ नका.

बॉटल जॅकची निगा सोपी आहे. उभाच ठेवा, आडवा ठेवला की तेल झिरपतं आणि आत हवा शिरते. वापरतानाही उभाच. दांडा स्पंजासारखा लागला, उठता उठता अडकला, तर व्हॉल्व्ह उघडा ठेवून आठ-दहा वेळा रिकामा पंप मारा, हवा निघते. तेल घालायचं तर जॅकचंच, पिस्टन पूर्ण खाली असताना. ब्रेक ऑइल घातलं की रबराची सील फुगून खराब होतात. पिस्टनवर गंजाचे ठिपके दिसले तर तो जॅक टाकून द्या, कारण तेच ठिपके प्रत्येक फेरीत सील कातरतात. दर सहा महिन्यांनी भरलेल्या गाडीखाली लावून चाक जेमतेम जमिनीवरून उचला, दहा मिनिटं तसंच ठेवा आणि बाजूला पट्टी धरून उंची पाहा. 2-3 मिलिमीटर उतरला तरी तो पुन्हा गाडीत ठेवू नका.